पावसातली सहल आणि अंगातली ऊब
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर झालेले भाषण)



आज आम्ही आमच्या एका फजितीबद्दल बोलणार आहोत. ती थोडक्यात फजितीवर निभावली, म्हणून सांगायला उभे आहोत.

आपल्या बेळगावकरांना आंबोली नवी नाही. पाऊस लागला की रविवारी गाडी काढायची, धबधब्याखाली भिजायचे, गरम भजी खायची आणि संध्याकाळी परतायचे. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी ठरवले, यंदा रात्रही तिथेच, गाडीत काढायची.

दिवसभर भिजलो. ‘अंगावरच वाळतील’ म्हणत ओल्या कपड्यांनिशी गाडीत बसलो. कोरड्या कपड्यांची पिशवी टपावर होती, तीही भिजलेली. रात्री आमच्यातले ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, कुडकुडू लागले. आम्ही थट्टा केली. मग कुडकुडणे थांबले. आम्हाला वाटले, बरे झाले. पण त्यांची जीभ जड झाली, शर्टाचे बटण लावता येईना, आणि तरी म्हणत होते, “मला काही झालेले नाही.”

आम्ही घाबरलो. काचा गच्च लावून इंजिन चालू केले, हीटर लावला. तेवढ्यात टपरी आवरणारे एक बाबा धावत आले. “आधी इंजिन बंद करा! मागचा पाइप चिखलात रुतलाय.” त्यांनी काकांना आपल्या खोपटात नेले, ओले कपडे उतरवले, डोक्यापासून कोरड्या घोंगडीत गुंडाळले आणि गोड चहा घोटघोट पाजला. बऱ्याच वेळाने काका पुन्हा कुडकुडू लागले. सकाळी डॉक्टर म्हणाले, तेच चांगले लक्षण होते. शरीर पुन्हा ऊब तयार करू लागले होते.

आंबोलीत काही बर्फ पडत नाही. मग असे का व्हावे? कारण वैरी नुसती थंडी नव्हे, ओल आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते, वर घाटातला वारा. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की माणसाचे भान सुटू लागते, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून सोबत्यांनी ओळखायचे. वयस्कर माणसे आणि लहान मुले यांच्यावर आधी लक्ष ठेवा.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. प्रत्येकाचा एक कोरडा जोड, पायमोजे आणि कानटोपीसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या आत ठेवतो. तो दिवसा कोणी उघडायचा नाही. झोपण्यापूर्वी ओले सगळे उतरवतो. जीन्स आणि सुती कपडे भिजले की ऊब धरत नाहीत. लोकर भिजूनही थोडी धरते. आपले आजोबा पावसात शेतावर घोंगडीची खोळ घेऊन जात, ते उगाच नव्हे. अंगावर जितके, तितकेच अंगाखाली घालतो. सतरंजी नसेल तर वर्तमानपत्रांच्या घड्याही चालतात. पोटात काही घालून, शेंगदाण्याची चिक्की खाऊन झोपतो.

दोन काचा बोटभर उघड्या ठेवतो. श्वासाची वाफ आत साठली तर पांघरूणही ओले होते. गाडीत शेगडी, स्टोव्ह कधीही नाही, आणि इंजिन चालू ठेवून झोपणेही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. ‘थोडी ब्रँडी घ्या’ हा सल्लाही ऐकू नका. तिने कातडीला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते.

आणि कोणी बरळू लागले, तर हातपाय चोळत बसू नका. कोरडे करा, गुंडाळा, शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तरच गरम गोड पेय द्या आणि १०८ला फोन लावा.

काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत, गळ्यात मफलर घालून. पावसाळी सहल त्यांनी सोडलेली नाही, आम्हीही नाही. फक्त निघताना ते एकच विचारतात, “पिशव्या आत घेतल्या का रे?”

गणपती बाप्पा मोरया!