हात दाखवून मिळणारी गाडी आणि सांगून ठेवलेली गाडी

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



भाषण करणे हे काही माझे काम नव्हे. मुंबईस पाहिले आणि इथे भोगले, तेवढे सांगते.

दिवाळीनंतर बहिणीकडे गेले होते. दादर स्टेशनाबाहेर काळी-पिवळी टॅक्सी हात दाखवला की थांबते. तिला मीटर असते आणि दर सरकारने ठरवलेला. उगाच नाही म्हणणे हा कायद्याने गुन्हा आहे. (नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात, ती गोष्ट निराळी!) भाचीने मात्र मोबाइलवरून गाडी बोलावली. ती वाटेत हात दाखवून थांबत नाही. ड्रायव्हरचे नाव, गाडीचा नंबर आधी फोनवर येतो, घरी कळवता येतो. पण पाऊस आला, गर्दी झाली, की भाडे चढते. मला वाटले, एकीत दर पक्का, दुसरीत माणूस पक्का.

आपल्या परभणीकडे स्टँडजवळची काळी-पिवळी जीप सीट भरल्याशिवाय हलत नाही. अशा गाडीत ड्रायव्हर सोडून फार तर बारा माणसे, असा कायदा. आपण मोजायचेच सोडले आहे. आणि लग्नाला, दवाखान्याला आपण 'स्पेशल' सांगतो. तिथे दरही तोंडी, माणूसही तोंडी.

तीन वर्षांपूर्वी सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. नांदेडला न्यायचे ठरले. गाडी आठ दिवस आधीच बोलून ठेवली होती. दारात पोचल्यावर तो म्हणाला, "रात्रीचे दुप्पट." सून आत, आणि मी बाहेर हुज्जत घालते आहे! शेवटी दिले. १०८ ला फोन केला असता तर रुग्णवाहिका फुकट आली असती, पण त्या घाईत कुणाला सुचले नाही.

पुढे मुलगा म्हणाला, गाडीची पाटी पांढरी होती. म्हणजे घरगुती गाडी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, तिच्यावर काळी अक्षरे. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाड्याने माणसे नेण्याचा परवाना नसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई द्यायला हरकत घेऊ शकते. पैसे गेल्याचे दुःख मी विसरले, पण हे ऐकून अंगावर काटा आला. त्या रात्री गाडीत आम्ही चौघे होतो, आणि पाचवे पोटात.

आता गाडी सांगताना मी आधी पाटीचा रंग विचारते. मग भाडे एकेरी की जाऊन-येऊन, थांबण्याचे किती, रात्रीचे किती. मागच्या महिन्यात तुळजापूरला निघालो, तर गाडीवाला हसून म्हणाला, "काकू, तुम्ही तर आरटीओच झालात!" हसू दे. नंबर मी वहीत लिहून घेतला, मगच नातीला घेऊन गाडीत बसले.