विमा जोडीला हवा, बदल्यात नको

(मयूर विहार, दिल्ली येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आज आम्ही पगारावर नव्हे, औषधावर बोलणार आहोत. सरकारी नोकरांच्या आरोग्याची व्यवस्था विम्यावर न्यावी ही सूचना जुनीच आहे. सहाव्या वेतन आयोगाने ती २००८ साली केली, सातव्याने २०१५ साली तिचा आग्रह धरला. त्याच वर्षी देबरॉय समितीने सांगितले की, रेल्वेने गाड्या चालवाव्यात, इस्पितळे व शाळांतून अंग काढून घ्यावे. २०२५ साली आठवा आयोग नेमला गेला. तेव्हा हा प्रश्न पुन्हा दारात येणार असे समजूनच आपण तयारी केली पाहिजे.

आज आपल्या हाती काय आहे? रेल्वेची स्वतःची इस्पितळे आहेत. दिल्लीत बसंत लेनचे, मुंबईत भायखळ्याचे. रेल्वेच्या निवृत्तांसाठी १९९७ ची योजना आहे. दिल्लीतल्या टपालवाल्यांना १९५४ साली येथेच सुरू झालेली केंद्र सरकारची आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस आहे. वर्गणी भरावी लागते, पण साखरेची, रक्तदाबाची गोळी दवाखान्यातून मिळते.

विम्याचा हिशेब वेगळा. तो बहुधा माणूस इस्पितळात दाखल झाल्यावर जागा होतो. रक्कम ठरलेली असते; ती संपली की पुढचा भार घरावर. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार खुले झाले, हे चांगलेच झाले. पण तेही दाखल झालेल्यांसाठी, आणि सीजीएचएसवाल्याला दोहोंपैकी एकच निवडावे लागते. निवृत्त माणूस इस्पितळात एखादे वेळी जाईल; गोळी मात्र रोज सकाळी घ्यावी लागते.

दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. येथे आमच्या शेजारी राहणारे एक टपाल सोबती निवृत्तीनंतर राजापूर तालुक्यात गावी गेले. कार्ड खिशात, दवाखाना मुंबई-पुण्याला. दवाखान्यापासून दूर राहणाऱ्यांचा औषधभत्ता २०१७ साली महिना हजार रुपये झाला. त्यात नवरा-बायकोची औषधे भागवायची. अशांना 'विमा नको' म्हणायला आमची जीभ रेटत नाही. विमा येईपर्यंत अशा गावांजवळची, इतर सरकारी योजनांच्या यादीतली इस्पितळे सीजीएचएसने जोडून घ्यावीत, असे सातव्या आयोगानेच म्हटले होते. ते आधी पुरे करून घ्या.

एका गोष्टीची मात्र सावधगिरी बाळगा. सहाव्या आयोगाच्या शिफारशीत विमा जुन्यांना ऐच्छिक आणि नव्याने भरती होणाऱ्यांना सक्तीचा होता. १ जानेवारी २००४ पासून पेन्शनमध्येही नव्यांना असेच वेगळे काढले. तेव्हा पुष्कळ जुन्यांना वाटले, आपले तर शाबूत आहे. आम्हीही त्यांतलेच होतो. ती चूक आज शेजारच्या टेबलावर बसलेला तरुण भोगतो आहे. ती पुन्हा होता कामा नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दवाखाना आणि औषध कायम राहिले पाहिजे. जेथे दवाखाना नाही तेथे विमा जोडीला द्या, आणि जुना-नवा असा भेद करू नका. प्रत्येकाने पुढचे तीन महिने घरातला औषधखर्च वहीत लिहून शाखेकडे द्यावा. आयोगापुढे घोषणा चालत नाहीत, आकडे लागतात.

कामगार एकजुटीचा विजय असो!