चाकांवरची कोनशिला

महाराष्ट्र शासनाने १९८६मध्ये शून्याधारित अर्थसंकल्प, म्हणजे मागील वर्षाचा आकडा गृहीत न धरता प्रत्येक खर्चाची गरज नव्याने सिद्ध करण्याची पद्धत, स्वीकारली. तीच पद्धत भीमाकाठच्या मांडवगण फराट्यासारख्या गावांतील उद्घाटनांना लावावी, असा एक प्रस्ताव मांडता येतो. रस्त्याचे भूमिपूजन, मग लोकार्पण आणि डांबर उखडल्यावर पुन्हा भूमिपूजन, या प्रत्येक वेळी नवी कोनशिला, म्हणजे कामाचे व मान्यवरांचे नाव कोरलेली फरशी, बसवण्याऐवजी काळ्या ग्रॅनाइटची एकच फरशी ट्रॉलीवर चढवून वाड्यावस्त्यांवर फिरवावी, आणि नावे मात्र खडूने लिहावीत, कारण पक्षांतर झाले की ओला फडका पुरतो. शाल व नारळही तेच वापरावेत. नारळ फोडण्याचा केवळ अभिनय व्हावा.

याहून मोठी बचत ग्रामसभेत आहे. या सभेस पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच नसल्याने, पहिली सभा वगळून थेट तहकूब सभाच बोलावल्यास चहा, खुर्च्या आणि प्रश्न विचारणारे ग्रामस्थ, असा तिहेरी खर्च वाचतो.