दारापुढचं गवत

मंडळी, पाऊस पडला की आपल्या घराभोवती गवत माजतं. त्यात साप-विंचू दडतात. अंधारात पाय पडला, की जिवाशी गाठ! म्हणून गवत आपण आखूड ठेवू या.

दारापुढचं गवत खुरप्यानं मुळासकट काढावं. परसात उतार असेल, तर विळ्यानं नुसतं कापावं; मुळं माती धरून ठेवतात. कापलेलं गवत गुरांना होतं. कुंपणाकडेला शेळी बांधली, तर तिथलं गवत ती चरून टाकते.

गाजरगवत मात्र जनावरांना घालू नये. ते फुलण्याआधीच उपटावं. हाताला फडकं गुंडाळावं, नाहीतर खाज सुटते.

आणखी एक ध्यानात ठेवू. हात घालण्याआधी काठीनं गवत हलवावं. तरीही साप चावलाच, तर मांत्रिकाकडे नाही, तडक दवाखान्यात जायचं.

चला, उद्या सकाळी आपल्याच दारापासून सुरुवात करू.