पाणी आधी कुणाला?



देवगडात पाऊस कमी पडतो, असं कुणी म्हणणार नाही. मृगापासून हस्तापर्यंत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या किनाऱ्यावर कोसळतो. पुरंदरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा आकडा सांगितला, तर तो विचारील, "मग तुमच्या बाया एप्रिलात हंडे घेऊन निघतात कुठं?" त्याचा प्रश्न रास्त आहे.

उत्तर आपल्या पायाखाली आहे. आपला सडा जांभ्या दगडाचा. हा दगड सच्छिद्र. पाणी त्यात झटकन मुरतं, खालच्या चिकण थरापर्यंत पोचतं आणि उतारानं व्हाळात, व्हाळातून खाडीत, खाडीतून समुद्रात निघून जातं. दिवाळीत भरलेली विहीर शिमगा सरला की तळ दाखवू लागते. खाडीकाठच्या विहिरीचा उपसा फार वाढवला, तर गोड्या पाण्याच्या जागी खारं पाणी शिरतं. तेव्हा आपली टंचाई पावसाची नव्हे. ती साठवणीची आणि वाटणीची आहे.

ही वाटणी करायची कुणी? शहरात नगरपंचायतीनं, खेड्यात ग्रामपंचायतीनं. तिथल्या सभेपुढं दोन विषय येतात. पहिला, टंचाईत पाणी कुणाला किती द्यायचं. दुसरा, हाती असलेलं अनुदान कुणाला द्यायचं. एक मंडळ वाचनालय मागतं, दुसरं व्यायामशाळा, तिसऱ्या वाडीला सभागृह हवं असतं. यातली एकही मागणी वाईट नाही. पण विषयपत्रिकेवर हे दोन विषय वेगवेगळे लिहिलेले असले, तरी ते एकच आहेत, असं मला आज सांगायचं आहे.

थोडा हिशेब करू. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यात माणशी रोज 55 लिटर हे प्रमाण धरलं. चाळीस घरांची, दोनशे माणसांची वाडी घेतली, तर रोज 11 हजार लिटर पाणी लागलं. आता चार मीटर व्यासाची गोल विहीर घ्या. तिच्यात एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे साडेबारा हजार लिटर. त्या विहिरीत मीटरभर गाळ साचला असेल, तर वाडीच्या एका दिवसाच्या पाण्याची जागा गाळानं अडवली आहे. गाळ उपसला की जागा मोकळी होते आणि बुजलेले झरेही पुन्हा वाहू लागण्याची आशा असते. टँकरचं पाणी त्याच दिवशी संपतं. उपसलेली विहीर पुढच्या वर्षीही उपयोगी पडते. सरकारलाही हे उमगलेलं आहे. पंधराव्या वित्त आयोगानं 2021-22 पासून पाच वर्षं खेड्यांच्या आणि लहान शहरांच्या अनुदानातली 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवली होती.

पण नुसतं अनुदान पुरत नाही. 1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे पुरंदरला गेले. पुढं नायगावातून त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम शाळेतल्या मुलांनाही समजतील इतके सोपे होते. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर मोजायचा : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. खर्चाचा निम्मा भाग सरकारी अनुदानातून येई, पण 20 टक्के लाभधारकांनी स्वतः घालायचे. ज्याचे पैसे त्यात गुंतले, तो पंप बंद पडला की कुणाची वाट पाहत बसत नाही.

कुणी म्हणेल, गरीब वाडीनं वाटा आणावा कुठून? पैसा नसेल तर श्रम घ्यावेत. व्हाळावर पोत्यांचे बंधारे घालायला आपल्या जिल्ह्यातले हात आजवर पुढं आलेच आहेत. त्या घामाची किंमत धरून तो वाटा मानावा.

आता वेळेविषयी. आपल्याकडं म्हण आहे, तहान लागल्यावर विहीर खणणे. नियमांचंही तसंच होतं. 2016 साली लातूरला मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलात मिरजेहून आगगाडीनं पाणी न्यावं लागलं. अशा वेळी नियम केला, तर तो कुणावर पडणार हे सगळ्यांना आधीच दिसतं आणि भांडण ठरलेलं असतं. दिवाळीत मात्र सगळ्यांच्या विहिरी भरलेल्या असतात. पुढं कुणाची आधी आटेल, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून न्यायाचा नियम तेव्हाच होऊ शकतो. नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं, हिवरे बाजार पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मगच पिकं ठरवतं. आपण पीक नाही, तरी क्रम ठरवू शकतो. आधी माणसं आणि गुरं, शाळा आणि दवाखाना. मग आंब्याची नवी लावलेली कलमं, कारण ती वाळली तर लावणाऱ्याची वर्षं वाया जातात. त्यानंतर निवासगृहं आणि बांधकामं. हा क्रम कागदावर लिहून चावडीवर लावावा आणि तो सरपंचाच्या, नगरसेवकाच्या घरालाही लागू असावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. दर पंधरवड्याला मुलांकडून वाडीच्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजून घ्या आणि आकडे फळ्यावर लिहा. गणिताचा तास होईल आणि सभेला बिनचूक नोंदही मिळेल. "आमच्या वाडीत पाणी नाही" या बोलण्यापेक्षा "फेब्रुवारीत दोन मीटर, मार्चात सव्वा मीटर" या आकड्याला अध्यक्षांना उत्तर द्यावंच लागतं.

आणि ग्रामस्थहो, येत्या दिवाळीनंतरच्या सभेला अवश्य जा. वाचनालय मागा, व्यायामशाळाही मागा, पण त्याआधी हात वर करून विचारा, "आमच्या विहिरीचा गाळ कधी निघणार, आणि त्यात आमचा वाटा किती?" ज्या सभेत हे दोन्ही प्रश्न एकदम विचारले जातील, तिथल्या बायांची वैशाखातली पायपीट नक्की कमी होईल.