आधी परातीकडे बघू

हॉटेल, खानावळ, लॉजिंगच्या व्यवसायातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अंबाबाईच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत. कोणी मालवणहून घाट चढून आलंय, तर कोणी नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने अख्खा दिवस-रात्र प्रवास करून. सकाळी चहाच्या वेळी मी घोळक्याघोळक्यातून फिरलो. सगळीकडे विषय एकच, मोबाइलवरचे रिव्ह्यू. एका भगिनी म्हणाल्या, वाईट रिव्ह्यू आला की रात्रभर झोप लागत नाही. म्हणून स्वागताच्या चार शब्दांत मी त्यालाच हात घालतो.

माझी खानावळ वडिलांनी सुरू केली. त्यांच्या काळात जेवण बिघडलं तर गिऱ्हाईक हात धुऊन गल्ल्यापाशी यायचं आणि तोंडावर सांगायचं. वडील उठून आत जायचे, रस्सा चाखायचे आणि मगच बोलायचे. माझ्या हातात मोबाइल आला आणि मी हे उठून आत जाणंच सोडून दिलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची रात्र, साडेअकरा वाजलेले, मी गल्ला मोजतोय आणि फोन वाजला. एक तारा. ‘५० मिनिटं थांबलो. भाकरी गार. दुसरी मागितली ती आलीच नाही. आईला मधुमेह आहे, तिला वेळेवर जेवण लागतं.’ मी तारा बघितला, पहिली ओळ वाचली आणि उत्तर ठोकून दिलं, ‘रविवारी कोल्हापुरात गर्दी असते. थांबायची तयारी नसेल तर घरीच जेवा.’ सकाळपर्यंत ते गावभर फिरलं. मूळ तक्रार फारशी कोणी वाचली नसती, माझं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचलं. दुपारी सुनेनं तक्रार मला मोठ्यानं वाचून दाखवली. आईच्या मधुमेहाची ओळ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मान खाली गेली.

संध्याकाळी आत जाऊन भाकरीच्या परातीपाशी बसलो. आमच्याकडे भाकरी थापणाऱ्या मावशी दोन, पण नेमकी रविवारी एकीची सुट्टी. एका तव्यावरच्या भाकरी आणि दारातली गर्दी यांचा मेळ बसत नव्हता. म्हणून आचारी दुपारीच भाकरी करून डब्यात भरून ठेवायचा. मला हे ठाऊकच नव्हतं. गल्ल्यावर बसून कळणारही नव्हतं. सुट्टीचा वार बदलला, दुसरा तवा लावला आणि मग लिहिलं, ‘चूक आमची. माझं उत्तर ही त्याहून मोठी चूक. रविवारी आता दोन तवे चालतात. आईंना घेऊन या, त्यांची भाकरी आधी येईल.’ ते कुटुंब परत आलं नाही. तो एक तारा अजून तिथेच आहे. पण पहिल्यांदा येणारी माणसं ते वाचून येतात, आणि कोणी कोणी वाढप्याला विचारतं, दोन तवे खरंच आहेत का?

मोठ्या कंपन्यांनाही यातून जावं लागलं. २००९ साली अमेरिकेत डॉमिनोजच्या एका दुकानातल्या दोन कामगारांनी पदार्थांशी किळसवाणे चाळे करतानाचा व्हिडिओ टाकला. कंपनी आधी गप्प राहिली, तेवढ्यात तो वाऱ्यासारखा पसरला, आणि मग तिथल्या प्रमुखांना कॅमेऱ्यासमोर येऊन माफी मागावी लागली. पण मला मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. त्यांच्या पिझ्झ्याचा तळ पुठ्ठ्यासारखा लागतो, असं गिऱ्हाइकं म्हणत होती. कंपनीनं पाककृती मुळापासून बदलली आणि लोकांची ती बोलणी स्वतःच्याच जाहिरातीत दाखवली. पाककृती आधी बदलली, जाहिरात नंतर केली.

काहीजण विचारतात, वकिलाची नोटीस का पाठवू नये? एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवर एका तरुणानं व्हिडिओ केला. कंपनीनं कायदेशीर नोटीस पाठवली, त्यानं व्हिडिओ काढून टाकला, आणि तो काढल्याचीच बातमी झाली. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनीही तो शोधून पाहिला. बालहक्क आयोगानं कंपनीकडे खुलासा मागितला. पुढे कंपनीनं साखर कमी केली. तीच साखर नोटिशीच्या आधी कमी केली असती तर?

खोटी तक्रार येते, हेही खरं. जेवणाचे पैसे माफ करा नाहीतर एक तारा देतो, असं धमकावणारे तुम्हालाही भेटले असतील. त्यांच्यापुढे वाकू नका. बिल, तारीख, कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, दोन ओळींत वस्तुस्थिती लिहा आणि गरज पडली तर पोलिसांत जा. मात्र उतारा म्हणून पैसे देऊन पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू लिहून घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणलं, त्यात विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना जागा नाही. मानक ऐच्छिक आहे. आपण ते आपणहून पाळावं, असं मला कळकळीनं वाटतं.

आणि आपल्यातल्या एखाद्यावर खोडसाळपणे चिखलफेक झाली तर? याच गावात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. जातीपायी लोक तिथं पाऊल ठेवीनात. तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, सगळ्यांच्या देखत. हॉटेलवाल्याच्या पाठीशी कसं उभं राहायचं हे या शहरानं तेव्हाच पाहिलं आहे. शेजाऱ्याचं हॉटेल बदनाम होत असताना आपलं गिऱ्हाईक वाढेल म्हणून गप्प बसू नका. त्याच्याकडे जाऊन जेवा, आणि जेवलात ते नावानिशी लिहा.

परिषदेच्या या दोन दिवसांत राहण्या-जेवण्यात काही उणं राहिलं तर मंडपाच्या दाराशी वही ठेवली आहे. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. आज रात्री पंगत बसण्याआधी ती वही मी स्वतः वाचणार आहे, आणि आचाऱ्यांनाही सोबत बसवणार आहे.