पांच डॉलरची होडी

मुंबईच्या बंदरांत एखादें प्रचंड जहाज धक्क्याला लागत असलें म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टि त्याच्या उंच बाजूंवर आणि थरांवर थर रचलेल्या मालावर खिळून राहते. त्याच्या कुशीला नाक लावून पाणी घुसळीत असलेली बुटकी, रुंद बांध्याची नौका फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. बंदरांतले लोक तिला ‘टग’ म्हणतात. मोठ्या जहाजाला ओढणें, ढकलणें, वळविणें आणि प्रसंगीं थोपवून धरणें हा तिचा व्यवसाय. लग्नमंडपांत सर्वांचे डोळे वधूवरांकडे लागलेले असतात. मुदपाकखान्यांतील माणसांची आठवण पंगत उशिरां बसली म्हणजेच होते. बंदरांत टगची प्रतिष्ठा याच जातीची आहे. २०२१ सालच्या मार्च महिन्यांत सुएझच्या कालव्यांत सुमारें ४०० मीटर लांबीचें ‘एव्हर गिव्हन’ हें जहाज आडवें रुतून बसलें आणि सहा दिवस जगाच्या व्यापाराची एक मोठी वाट बंद पडली, तेव्हां कोठें घरोघरच्या माणसांच्या कानांवर या नौकांचें नांव पडलें. गाळ उपसणारीं यंत्रें, होळीपौर्णिमेची मोठी भरती आणि टगांचा जोर या तिहींच्या मेळानें तें जहाज सुटलें.

एवढ्या बलाढ्य जहाजाला दुसऱ्याच्या मदतीची गरज कां पडावी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर सुकाणूच्या स्वभावांत आहे. सुकाणूच्या पात्यावरून पाणी जोरानें वाहत असलें तरच तें जहाजाला वळवूं शकतें. भर समुद्रांत जहाज वेगानें चाललेलें असल्यामुळें तेथें अडचण नसते; पण धक्क्याजवळ येतांना वेग कमी करावाच लागतो, आणि वेग कमी झाला कीं सुकाणूची सत्ताही ओसरते. नेमका त्याच वेळीं वारा उंच बाजूंवर आदळत असतो, प्रवाह तळाला ढकलीत असतो आणि धक्का हाकेच्या अंतरावर येऊन ठेपलेला असतो. अशा क्षणीं टग हीच जहाजाचें सुकाणू बनते आणि त्याचा लगामही बनते. तिचें शरीर लहान. पण त्या मानानें तिचें यंत्र आणि पाण्यांतील पंखा हे फार मोठे असतात.

भर समुद्रांत दुसरें जहाज किंवा पडाव ओढून न्यावयाचा असला म्हणजे सारी विद्या दोराची. तेथें शेंकडों मीटर लांबीचा पोलादी दोर सोडतात, आणि तो आपल्याच वजनानें मध्यें पाण्यांत झोळ घेऊन लोंबतो. हा झोळ म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. लाटेचा तडाखा बसतांच प्रथम झोळ सरळ होऊं लागतो आणि हिसका त्यांतच जिरतो. दोर आंखूड आणि ताठ ठेवला तर एका लाटेसरशीं तो तुटावयाचा. दुसरें संकट याहून भयंकर. मागचें जहाज भलत्या दिशेला वळलें आणि दोर टगच्या कुशीवर आडवा ताणला गेला, तर पाहतां पाहतां टग कलंडते. म्हणून दोर तत्काळ सोडून देण्याची सोय टगवर ठेवावी लागते. ओढावें कसें हें पुष्कळांना शिकवितां येतें. सोडावें केव्हां हें ज्याला उमगलें तोच या धंद्यांत टिकतो.

या धंद्याच्या इतिहासांत अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील फॉस घराण्याची हकीकत विशेष मननीय आहे. तिचा आरंभ कोणा सावकाराच्या पेढीवर झाला नाहीं. तो एका आजारी गृहिणीच्या दारांत झाला.

कॅनडाच्या सरहद्दीच्या दक्षिणेस प्युजेट साउंड नांवाचा समुद्राचा एक फांटा जमिनींत दूरवर शिरला आहे. त्याच्या कांठीं उंच सूचिपर्णी वृक्षांचीं घनदाट अरण्यें होतीं. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीनें १८७३ सालीं या कांठावरील टाकोमा हें गांव आपल्या मार्गाचें पश्चिमेकडील शेवटचें ठाणें म्हणून निवडलें, आणि तेथें लांकूड कापण्याचे कारखाने, धक्के व वखारी उभ्या राहूं लागल्या. नॉर्वेमधून आलेले अँड्र्यू फॉस हे सुतारकाम करणारे गृहस्थ मिनेसोटा सोडून या गांवीं आले. १८८९ सालीं त्यांच्या पत्नी थिआबाई मुलांना घेऊन त्यांच्या पाठोपाठ आल्या. थिआबाईंचा जन्म १८५७ सालीं नॉर्वेंतलाच. जमीन घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हां अँड्र्यू यांनीं मिळेल तें लांकूड जमवून पाण्यावर तरंगणारें एक लहानसें घर बांधलें आणि त्यांत संसार मांडला.

त्याच उन्हाळ्यांत अँड्र्यू दूर कोठें बांधकामावर गेले होते आणि थिआबाई दुखण्यांतून नुकत्या उठत होत्या. कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी कीं, धंद्याला विटलेला एक कोळी आपली वल्ह्यांची होडी विकून मोकळा होऊं पाहत होता. थिआबाईंनीं ती पांच डॉलरला घेतली, पांढऱ्या व हिरव्या रंगानें रंगवून साजरी केली आणि नफ्यानें विकली. त्या पैशांत आणखी होड्या घेतल्या, कांहीं विकल्या, कांहीं भाड्यानें दिल्या. अँड्र्यू परत आले ते ३२ डॉलर कमावून. पत्नीनें घरबसल्या ४१ डॉलर मिळविले होते. सुतारानें हिशेब पाहिला आणि परगांवचें काम सोडून तो घरींच होड्या बांधूं लागला. या कथेंत बढाई नाहीं. गांवाला कशाची गरज आहे हें दारांत बसून ओळखण्याची गृहिणीची नजर मात्र तींत स्पष्ट दिसते.

पुढची वाढ एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जावें तशी झाली. प्रथम मासे धरणाऱ्यांना आणि पाणबदकांची शिकार करणाऱ्यांना होड्या भाड्यानें देणें; नंतर नांगरून पडलेल्या जहाजांवर माणसें आणि शिधासामग्री पोंचविणें; मग वल्ह्यांच्या जागीं यंत्राच्या लांचा; आणि लांचा हातीं आल्यावर ओंडक्यांचे तराफे ओढण्याचें काम. होड्यांपासून लांचांपर्यंत बांधणीचा भार अँड्र्यू यांनीं उचलला. धंद्याची व्यवस्था आणि माणसें सांभाळणें हा थिआबाईंचा प्रांत. आर्थर, वेडेल आणि हेन्री हे मुलगे पाण्यावरच वाढले आणि धंद्यांत शिरले.

तराफे ओढण्याचें हें काम दिसावयास सोपें. जाड ओंडके टोंकाला टोंक सांखळ्यांनीं जोडून त्यांचें कुंपण करावयाचें आणि आंत शेंकडों मोकळे ओंडके कोंडून सारा पसारा कारखान्यापर्यंत न्यावयाचा. पण या पसाऱ्याला घाई मानवत नाहीं. वेग थोडा वाढवितांच ओंडके कुंपणाखालून निसटूं लागतात. म्हणून माणसाच्या चालण्याहूनही मंद गतीनें जावें लागतें. वाटेंत टाकोमाची अरुंद सामुद्रधुनी. जिच्यावरील झुलता पूल १९४० सालीं वाऱ्यानें हेलकावे खाऊन कोसळला ती हीच. तिच्यांतून भरती-ओहोटीचा लोंढा इतक्या जोरानें वाहतो कीं त्याच्या उलट तराफा नेण्याचा विचारच नको. तेव्हां ओहोटी अनुकूल होईपर्यंत कांठाच्या आश्रयानें थांबावयाचें आणि ती होतांच, मग मध्यरात्र असो वा पहांट, निघावयाचें. आपल्या कोंकणांतील खाडीवर मचवा चालविणाऱ्या तांडेलाला हें शास्त्र समजावून द्यावें लागणार नाहीं.

म्हणजे या धंद्यांत पुष्कळसा वेळ वाट पाहण्यांत जातो. मात्र हांक आली कीं त्याच क्षणीं उठावें लागतें. थिआबाईंनीं आपल्या संस्थेला जें ब्रीद दिलें तें दोनच शब्दांचें होतें : ‘सदैव तयार’. असें ब्रीद पाटीवर रंगविणें सोपें आहे. पण तयार कोणी राहावयाचें? टगवरील माणसांनीं. अर्धवट झोप, ओले कपडे, वेळीअवेळीं जेवण आणि घरापासून दूर गेलेले दिवस हें त्या दोन शब्दांचें मोल आहे, आणि तें मालकाच्या तिजोरींतून जात नाहीं. हें थिआबाईंनीं ओळखलें होतें. प्रारंभीच्या काळांत कामावरील माणसांना त्यांच्याच घरीं अन्न आणि आसरा मिळे. रात्रीं-अपरात्रीं परतलेल्या माणसाच्या पुढें ऊन अन्न ठेवणें हा या घरांत धर्मादाय समजला जात नसे. यंत्राला तेल घालण्याइतकाच तो धंद्याचा भाग होता. जी संस्था माणसांकडून सदैव तयारीची अपेक्षा करते, तिची चूल प्रथम सदैव तयार असली पाहिजे, हें तत्त्व त्यांनीं व्याख्यान न देतां पाळलें.

१९२७ सालीं थिआबाईंचें निधन झालें. पुढें चार वर्षांनीं नॉर्मन रायली रेन या लेखकानें एका अमेरिकन साप्ताहिकांत ‘टगबोट ॲनी’ नांवाच्या पात्राच्या कथा लिहिण्यास सुरुवात केली. १९३३ सालीं त्यांवर चित्रपट निघाला आणि मारी ड्रेसलर या नटीनें ॲनीची भूमिका केली. या पात्रामागची प्रेरणा थिआबाईंची, असें सर्वत्र म्हटलें जातें. परंतु ॲनी ही आरडाओरड करणारी, तोंडाळ, स्वतः सुकाणू धरणारी. थिआबाई शांत, देवभोळ्या आणि घर सांभाळून धंदा सांभाळणाऱ्या. कर्तबगार स्त्री म्हटली कीं ती पुरुषी आणि दांडगीच असावयाची, हा समज पडद्याला सोयीचा असेल. टाकोमाच्या धक्क्यावर मात्र तो खोटा ठरला होता. तेथील एका जलमार्गाला आज थिआ फॉस यांचें नांव आहे.

त्या चित्रपटांत ॲनीची नौका म्हणून जी टग वापरली, तिचें चरित्र कोणाही नायिकेच्या तोडीचें आहे. फॉस दांपत्याची होडी आणि ही टग दोघी एकाच वर्षाच्या, १८८९ च्या. पोर्टलंड येथें ‘वॅलोवा’ या नांवानें ती बांधली गेली ती कोलंबिया नदीच्या मुखावरील धोक्याच्या दांड्यावरून शिडाचीं जहाजें आंत-बाहेर नेण्यासाठीं. १८९८ च्या सुमारास अलास्काकडे सोन्याच्या आशेनें लोंढा लोटला तेव्हां तिनें तिकडेही पडाव ओढले. १९२९ सालीं ती फॉस कंपनीकडे आली. १९३४ मध्यें डिझेल यंत्र बसवून तिला थोरल्या मुलाचें, ‘आर्थर फॉस’ हें, नांव देण्यांत आलें.

१९४१ च्या अखेरीस पॅसिफिक महासागरांतील वेक बेटावर अमेरिकन आरमाराच्या तळाचें बांधकाम चालू होतें, आणि होनोलुलूहून तेथें सामानाचे पडाव ओढून नेण्याच्या कामावर ही टग होती. युद्ध जवळ येऊन ठेपल्याचा रंग पाहून तिनें परतीची घाई केली. ती निघाली, आणि कांहीं तासांतच बेटावर जपानी विमानांचा हल्ला झाला. समुद्रांत दुरून दिसणारा पांढरा-हिरवा रंग खलाशांनीं करड्या रंगाखालीं झांकला, बिनतारी यंत्र मुकें ठेवलें आणि डिसेंबरच्या अखेरीस, संपत आलेल्या तेलावर, ती होनोलुलूला पोंचली. बेटावर कंपनीची दुसरी टग मागें राहिली होती, ‘जस्टीन फॉस’. तिच्यावरील माणसें शत्रूच्या हातीं सांपडलीं. वेकवर बंदींत ठेवलेल्या ९८ अमेरिकन बिनलष्करी कामगारांची ऑक्टोबर १९४३ मध्यें कत्तल करण्यांत आली. ‘सदैव तयार’ या शब्दांची किंमत कोठवर जाते, हें या दोन नौकांच्या नशिबानें दाखविलें. ‘आर्थर फॉस’ हिला १९८९ मध्यें राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला.

कंपनी पुढें फॉस घराण्याच्या हातीं राहिली नाहीं. १९६९ सालीं ती डिलिंगहॅम कंपनीकडे गेली आणि १९८७ सालीं सॉल्टचक या संस्थेकडे. तरी होड्या बांधणें आणि जहाजें ओढणें हा जोडधंदा सुटला नाहीं. ऑरेगन राज्यांतील रेनियर येथील कंपनीच्या स्वतःच्या गोदींत बांधलेली ‘कॅरोलिन डोरोथी’ ही टग २००९ सालीं कामावर आली. डिझेल यंत्राला विजेच्या घटांची जोड दिलेली ही अशा प्रकारची पहिली टग गणली जाते. ही कल्पना टगलाच विशेष कां मानवली, याचें कारण जुनेंच आहे : टगचा बराच वेळ वाट पाहण्यांत जातो, आणि पूर्ण जोर लागतो तो थोड्याच मिनिटांपुरता. त्या वाट पाहण्यांत अवाढव्य यंत्र व्यर्थ धुमसत ठेवण्याऐवजीं घटांतील विजेवर काम भागवावें, हा त्यांतील विचार. ओंडक्यांसाठीं ओहोटीची वाट पाहणाऱ्या टगवरील माणसांना जें अनुभवानें ठाऊक होतें, त्याचाच हिशेब शंभर वर्षांनंतर यंत्रशास्त्रज्ञांनीं मांडला.

यंत्रांच्या विश्रांतीचा असा विचार झाला. माणसांच्या सुरक्षिततेचा तितक्याच काटेकोरपणें व्हावा, ही अपेक्षा अवास्तव नाहीं. १७ मे २०२१ रोजीं आलेल्या तौक्ते वादळांत मुंबईजवळच्या समुद्रांत ‘वरप्रदा’ ही टग बुडाली. तिच्यावर १३ माणसें होतीं. त्यांतलीं दोघेंच वांचलीं. मोठ्या जहाजांच्या बातम्यांत अशा नौकांचें नांव एका ओळींत येतें आणि दुसऱ्या दिवशीं विसरलें जातें. पण त्या एका ओळीमागें अकरा घरें असतात.

जहाजांवरून आलेलें धान्य, तेल, औषधें आणि यंत्रें शहरांतल्या प्रत्येक घरांत पोंचतात. धक्क्याजवळचा शेवटचा मैलभर प्रवास त्यांनीं कोणाच्या तरी दोराच्या आधारानें केलेला असतो. तो दोर धरणारीं माणसें तयार असतात म्हणून बाकीचें जग निश्चिंत असतें. त्यांना तयार ठेवावयाचें तर त्यांच्या अन्नाची, झोंपेची आणि जिवाची काळजी आधीं केली पाहिजे. पांच डॉलरच्या होडीवर धंदा उभारणाऱ्या त्या गृहिणीला हें कोणीं शिकविलें नव्हतें. चूल सांभाळतां सांभाळतां तें तिला कळलें होतें.